‘आते काय करशी?’ : टेबलावरच्या भूमिका-खेळांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात आम्ही काही मंडळी रविवारी दुपारी एकत्र बसून जे खेळतो, त्याविषयी घरचे, शेजारचे आणि कार्यालयातले लोक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. हा खेळ कधीच न पाहिलेल्या वाचकासाठी ती लिहिलेली असल्यामुळे जाणत्यांना काही ठिकाणी विस्तार जास्त वाटेल.

हा खेळ नेमका आहे तरी काय?

चार-पाच जण एका टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार असतो. बाकीचे प्रत्येकी एका काल्पनिक माणसाची जबाबदारी घेतात. त्या माणसाला आम्ही पात्र म्हणतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, आपले पात्र त्या प्रसंगात काय करते ते खेळाडू सांगतात, त्याचा परिणाम काय झाला ते सूत्रधार सांगतो, आणि त्या परिणामातून पुढचा प्रसंग उभा राहतो. सगळा खेळ बोलण्यातून घडतो. आमच्या सूत्रधारांपैकी एक जण साक्रीकडचे आहेत आणि प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी ते अहिराणीत एकच प्रश्न विचारतात : ‘आते काय करशी?’ माझ्या मते हा प्रश्न आणि त्याचे उत्तर एवढाच हा खेळ आहे. फासे, नियमपुस्तके, नकाशे हा सगळा त्याभोवतीचा सरंजाम आहे.

एक उदाहरण घेऊ. सूत्रधार सांगतो की सारंगखेड्याची यात्रा भरली आहे, रात्र झाली आहे, आणि एका व्यापाऱ्याची पांढरी घोडी दावणीवरून नाहीशी झाली आहे. दोर कापलेला नाही, गाठ सोडलेली आहे. वैदूचे पात्र घेतलेली खेळाडू म्हणते की ती दोराचे टोक हुंगून पाहते. वासावरून काही उमगेल की नाही हे निश्चित नसल्यामुळे सूत्रधार तिला वीस बाजूंचा फासा टाकायला सांगतो आणि पंधराचे लक्ष्य ठरवतो. वैदूची नजर व नाक तीक्ष्ण असल्याचे तिच्या कागदावर आधीच लिहिलेले आहे आणि त्याबद्दल तिला चार गुण जास्त मिळतात. फाशावर बारा पडतात, बेरीज सोळा होते, आणि सूत्रधार सांगतो की दोराला मोहाच्या दारूचा वास येतो आहे. दुसरा खेळाडू माजी शिपायाचे पात्र खेळतो आहे. तो राखणदाराला दरडावायचे ठरवतो, पण त्याच्या फाशावर तीन पडतात. राखणदार घाबरण्याऐवजी आरडाओरडा करतो, माणसे जमतात, आणि चोराचा माग तापीच्या वाळूत जात असताना आपले तपास करणारेच गर्दीत अडकतात. आता काय करायचे, हे पुन्हा खेळाडूंनीच ठरवायचे असते.

ही घोडी कोणी नेली हे सूत्रधाराला ठाऊक असते. ती सापडेल की नाही, हे मात्र त्यालाही ठाऊक नसते.

सूत्रधार म्हणजे खेळाडूंचा प्रतिस्पर्धी का?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत आधी दूर व्हायला हवा. इंग्रजी पुस्तकांत या माणसाला गेम मास्टर म्हणतात, काही खेळांत डंजन मास्टर म्हणतात. आम्ही नाटकातला सूत्रधार हा शब्द घेतला, कारण ‘मास्टर’ म्हटले की आपल्याकडे छडीच आठवते. खेळाडूंची पात्रे सोडून त्या जगातले बाकी सारे, म्हणजे राखणदार, व्यापारी, चोर, पाऊस, नदीचा पूर, हे सूत्रधाराकडे असते. तो नियमांचा अर्थ लावतो, वाद झाला तर निवाडा करतो आणि शत्रूंच्या बाजूने चालीही करतो. पण खेळाडूंना हरवणे हे त्याचे काम नाही. त्याला हरवायचेच असते, तर ‘डोंगर कोसळला’ एवढे एक वाक्य पुरे झाले असते.

मग जिंकते कोण?

कोणीच नाही. पात्रे आपला हेतू साधतात किंवा साधत नाहीत, कधी मरतातही. पण खेळाच्या अखेरीस गुण मोजून क्रमांक लावले जात नाहीत.

फासे कशाला लागतात आणि ते असे विचित्र का असतात?

लहान मुलांचा चोर-पोलीस आठवून पाहावा. ‘मी तुला गोळी मारली’ आणि ‘मला लागलीच नाही’ या दोन वाक्यांपाशी तो खेळ नेहमी अडतो, आणि मग भांडण होते. भूमिका-खेळाने या भांडणावर फाशाचा तोडगा काढला. गोष्ट निश्चित घडणार असेल किंवा घडणे अशक्य असेल, तर फासा टाकायचा नसतो. निकाल दोन्हीकडे जाऊ शकतो आणि दोन्ही निकाल रंजक आहेत, अशाच ठिकाणी तो टाकायचा असतो. नवखे सूत्रधार दार उघडायलाही फासा टाकायला लावतात आणि खेळ रटाळ करून ठेवतात.

नेहमीच्या संचात चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे फासे असतात. यांतील दहा बाजूंचा वगळला, तर उरलेले पाच म्हणजे भूमितीतली पाच नियमित घनाकृती होत; सर्व बाजू एकसारख्या नियमित बहुभुजांच्या आणि सर्व कोपरे एकसारखे असलेल्या बहिर्वक्र आकृती एवढ्याच संभवतात. सुरुवातीच्या काळात खेळाच्या कर्त्यांनी असे फासे शैक्षणिक साहित्य विकणाऱ्यांकडून मिळवले होते, आणि तेव्हाच्या वीस बाजूंच्या फाशावर शून्य ते नऊ हे अंक दोन-दोनदा छापलेले असत. वीस बाजूंचा फासा ही काही आधुनिक टूमही नाही. ग्रीक अक्षरे कोरलेले, प्राचीन इजिप्तमधले असे दगडी फासे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

कोणता फासा घ्यायचा यावरून खेळाची प्रकृती ठरते, आणि पाटण्याच्या ज्या परिसरात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापला, तो चाळीसगाव तालुक्यात असताना खान्देशातल्या वाचकाला या हिशेबाचा कंटाळा येऊ नये. वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक आकडा सारख्याच शक्यतेने, म्हणजे शेकडा पाच वेळा पडतो. वरच्या उदाहरणात वैदूला चार जास्त मिळून पंधरा गाठायचे होते, म्हणजे फाशावर अकरा किंवा अधिक हवे होते. वीसपैकी दहा बाजू तिच्या बाजूने होत्या, शक्यता निम्मी. परिस्थिती अनुकूल असेल तेव्हा काही नियमांत दोन फासे टाकून मोठा आकडा घेतात, आणि तेव्हा हीच शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते. याउलट सहा बाजूंचे तीन फासे एकत्र टाकले, तर २१६ प्रकारांपैकी अठरा हा आकडा एकाच प्रकारे पडतो, दहा आणि अकरा मिळून मात्र ५४ प्रकारांनी पडतात. म्हणून एका फाशाच्या खेळात नशिबाचे हेलकावे मोठे असतात आणि थरार जास्त असतो, तर तीन फाशांच्या खेळात तरबेज माणूस बहुधा तरबेजच ठरतो. मला स्वतःला दुसरा प्रकार आवडतो. आमच्या गटातल्या तरुण मंडळींना तो अळणी वाटतो.

फासे आले म्हणजे हा जुगारच नव्हे का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना दोष देता येत नाही. आखाजीला एकीकडे माहेरवाशिणींचे झोके आणि गाणी, आणि दुसरीकडे पत्त्यांचे डाव, हे चित्र ज्यांनी लहानपणापासून पाहिले आहे, त्यांना चार माणसे गोल करून बसलेली आणि मध्ये फासे पडलेले दिसले की दुसरे काही सुचणे अवघड आहे. पण जुगार फाशामुळे होत नाही, तो पैशांच्या पैजेमुळे होतो. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचा रोखही पैज लावण्यावरच आहे. भूमिका-खेळात डाव लावण्याची सोयच नाही, कारण जिंकणारा आणि हरणाराच नाही. आमच्या एका सदस्याच्या वडिलांनी दोन रविवार दारात उभे राहून पाहिले आणि ‘इथे कोणाचेच काही जात नाही, मग एवढा वेळ बसता कशाला?’ असे विचारले. त्यांची शंका फिटली होती, एवढे त्यातून कळले.

हे नाटकच झाले ना?

पुष्कळसे, पण संहिता नसलेले आणि प्रेक्षक नसलेले. जुन्या तमाशातल्या वगाची कथा सर्वांना ठाऊक असे, पण संवाद बरेचसे जागच्या जागी रचले जात आणि सोंगाड्याच्या हजरजबाबीपणावर सारे रंगत असे. टेबलावर त्याच जातीचे काहीतरी घडते. फरक दोन आहेत. एक तर येथे शेवट कोणालाच ठाऊक नसतो. दुसरे असे, की अभिनय करावाच लागतो असे नाही. ‘मी आवाज चढवून त्याला खडसावतो’ असे साध्या शब्दांत सांगितले तरी चालते, प्रत्यक्ष आवाज चढवण्याची गरज नसते. आमच्याकडे एक बाई कधीही पात्राच्या आवाजात बोलत नाहीत, नेहमी ‘ती म्हणते की’ असेच सांगतात, आणि त्यांची पात्रे सर्वांना सर्वाधिक लक्षात राहतात. लाजाळू माणसांनी या कारणासाठी मागे राहू नये.

याचा उगम कोठला?

अमेरिकेतला, पण मूळ त्याआधी युरोपातल्या लष्करी सरावात आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास नकाशावर सैन्ये हलवून युद्धाचा सराव करण्याचा एक खेळ प्रचारात आला, आणि त्यात निवाडा करणारा एक पंच असे. हा पंच फार महत्त्वाचा आहे, कारण आजचा सूत्रधार त्याचाच वंशज आहे : छापील नियमांत नसलेली चाल एखाद्या अधिकाऱ्याने सांगितली, तरी तिचा परिणाम ठरवणारा कोणीतरी तेथे हजर होता. पुढे हे युद्धखेळ नागरिकांच्या हौसेचा विषय झाले. १९६९ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेसली यांनी एक डाव असा मांडला, की त्यात खेळाडूंना पलटणींऐवजी गावातली एकेक व्यक्ती दिली. खेळाडू एकमेकांशी कारस्थाने करू लागले आणि डाव वेसलींच्या हाताबाहेर गेला. वेसलींना तो फसल्यासारखा वाटला, खेळाडूंना मात्र तो पुन्हा हवा होता.

त्यांच्याच मंडळातल्या डेव्ह आर्नसन यांनी ही कल्पना किल्ले, भुयारे आणि राक्षसांच्या जगात नेली, आणि विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गावच्या गॅरी गायगॅक्स यांच्यासह १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. एका खोक्यात तीन पुस्तिका, आणि पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. एक पलटण म्हणजे एक सोंगटी, हा हिशेब मोडून एक माणूस म्हणजे एक खेळाडू असा नवा हिशेब मांडला, यातच सारी क्रांती होती.

सगळे भूमिका-खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च का?

नाही. १९७७ मध्ये ‘ट्रॅव्हलर’ने अंतराळप्रवास आणला, त्यात पात्र तयार करतानाच ते मरू शकत असे. १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलू’मध्ये पात्रे शोध घेणारी साधी माणसे असतात, राक्षसाशी लढणे बहुधा मूर्खपणाचे असते आणि शरीरासारखाच मनाचा तोलही आकड्यांत मोजला जातो. २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने सहा बाजूंचे दोन फासे घेऊन तीन निकाल ठेवले : सहा किंवा कमी पडले तर सूत्रधाराला अडचण उभी करण्याची मोकळीक, सात ते नऊ पडले तर हवे ते मिळते पण काहीतरी मोजावे लागते, दहा किंवा जास्त पडले तर पूर्ण यश. मधला निकाल ३६ पैकी १५ प्रकारांनी पडतो, आणि ‘मिळाले खरे, पण’ या वाक्याने गोष्ट जितकी पुढे सरकते तितकी साध्या यशाने सरकत नाही. पहिल्यांदा खेळणाऱ्यांना मी याच धाटणीचा खेळ सुचवतो.

मुलांच्या मनावर याचा वाईट परिणाम होतो, असे ऐकले आहे.

ही भीती अमेरिकेतून आली आहे आणि ती बरीच जुनी आहे. १९७९ मध्ये मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि खेळाच्या नादात तो विद्यापीठाखालच्या बोगद्यांत हरवला असावा, असा तर्क वृत्तपत्रांनी लावून धरला. तो तर्क चुकीचा होता. मुलाच्या जाण्यामागे त्याची वैयक्तिक दुःखे होती. तरीही १९८० च्या दशकात हा खेळ सैतानपूजा शिकवतो असा गवगवा तेथे झाला. खेळामुळे मुले स्वतःचा घात करतात, असा कार्यकारणसंबंध कधीही सिद्ध झाला नाही.

तथापि पालकांची काळजी अगदीच निराधार आहे, असेही मी म्हणणार नाही. गोष्टीत हिंसा येते, भीती येते, आणि काय चालेल हे प्रत्येकाचे वेगळे असते. त्यामुळे मालिका, म्हणजे अनेक बैठका चालणारी गोष्ट, सुरू करण्यापूर्वी एक बैठक केवळ बोलण्यासाठी ठेवण्याची पद्धत आहे. इंग्रजीत तिला शून्यावी बैठक म्हणतात, आम्ही तिला बोलणी म्हणतो. कोणते विषय नकोत, ते तेव्हाच ठरते. याशिवाय टेबलावर फुली काढलेले एक कार्ड ठेवतात. कोणालाही प्रसंग सोसवेनासा झाला, तर त्याने कार्डाला बोट लावायचे आणि सूत्रधाराने कारण न विचारता तो प्रसंग बदलायचा. आमच्याकडे हे कार्ड आजवर दोनदा वापरले गेले आहे, आणि दोन्ही वेळा ते वापरणारी माणसे पन्नाशीच्या पुढची होती.

इंग्रजी येत नसेल तर?

खेळाडूला इंग्रजीची गरज नाही. नियमपुस्तके प्रामुख्याने इंग्रजीत आहेत हे खरे, पण ती सूत्रधाराने वाचली म्हणजे झाले. खेळ तर बोलायचा आहे आणि आपण ज्या भाषेत घरी बोलतो त्याच भाषेत तो चांगला होतो. आमच्या टेबलावर प्रमाण मराठी, अहिराणी आणि यावल-रावेरकडची लेवा बोली अशा तिन्ही चालतात. यातून एक अनपेक्षित फायदा झाला. इंग्रजी वळणाने खेळत होतो, तेव्हा आमची सगळी पात्रे कोणत्यातरी धुकट, बर्फाळ देशातली आणि एकसारखी बोलणारी होती. एकाने लळिंगच्या किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याला अहिराणीत बोलायला लावले आणि त्या दिवसापासून गोष्ट तापीकाठी आली ती परत गेली नाही. थाळनेर ही फारुकी राजांची पहिली राजधानी होती आणि १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर ती राजवट संपली. एवढ्या दोन वाक्यांच्या इतिहासावर आमची एक मालिका वर्षभर चालली. ‘एल्फ’ (इंग्रजी अद्भुत कथांतली टोकदार कानांची काल्पनिक जमात) या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्यात मात्र वेळ घालवू नये. आम्ही तो पुष्कळ घालवला आहे.

खर्च किती येतो?

सुरुवातीला जवळपास काहीच नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहेत, आणि एका पानात मावणारे खेळही पुष्कळ आहेत. फाशांऐवजी एक ते वीस आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या वाटीत टाकून ओढल्या तरी गणित तेच राहते, मात्र प्रत्येक वेळी चिठ्ठी परत टाकायला विसरू नये. रंगीत बाहुल्या, छापील नकाशे, चामडी बांधणीची पुस्तके हे सर्व हौसेचे आहे.

किती माणसे, किती वेळ?

सूत्रधार धरून चार ते सहा. बैठक तीन-चार तासांची. एखादी गोष्ट एका बैठकीत संपते, एखादी महिनोन्महिने चालते. गटांचे विघटन राक्षसांमुळे होत नाही. लग्नसराई, परीक्षा आणि केळीची कापणी यांमुळे होते.

प्रथमच सूत्रधार व्हायचे आहे. तयारी किती करावी?

मी पहिल्या वेळी बारा पाने लिहिली होती. किल्ल्याचा नकाशा, प्रत्येक बुरुजावरचे पहारेकरी, तळघरातल्या हंड्यांत काय आहे, किल्लेदाराच्या तीन पिढ्यांचा इतिहास. खेळाडू किल्ल्याच्या पायथ्याशी आले, त्यांनी वर पाहिले, आणि चढण फार आहे असे म्हणून ते नदीकाठी एका नावाड्याशी गप्पा मारायला निघून गेले. नावाड्याविषयी माझ्याकडे एक ओळही नव्हती. मी त्यांना वळवून पुन्हा किल्ल्याकडे आणण्याचा इतका आटापिटा केला की तिसऱ्या तासाला एक जण सरळ झोपी गेला. ती चूक त्यांची नव्हती. मी ‘काय करशी?’ असे विचारत होतो आणि उत्तर आधीच लिहून बसलो होतो.

आता मी एका पानापलीकडे जात नाही. त्या पानावर तीन-चार माणसे असतात आणि प्रत्येकाला काय हवे आहे, त्याच्या आड कोण येते आहे, हे एकेका ओळीत असते; खेळाडूंनी काहीच केले नाही तर आठवडाभराने काय घडेल, हेही लिहितो. नावांची एक वेगळी यादी जवळ ठेवावी, कारण खेळाडू नेमके ज्याचे नाव ठरवलेले नाही त्याचेच नाव विचारतात. नियम विसरला तर पुस्तक चाळत न बसता जागच्या जागी निवाडा द्यावा आणि घरी जाऊन तो नियम पाहावा.

पाहायला येऊ का? येताना काय आणावे?

अवश्य यावे, पण नुसते पाहत बसण्यात मजा नाही. तयार पात्रांचे दोन-तीन कागद आम्ही नवख्यांसाठी राखून ठेवतो, त्यांतला एक उचलावा. शिसपेन्सिल आणि खोडरबर आणावे. पेन आणू नये, कारण पात्राच्या कागदावरचे आकडे सारखे खोडावे लागतात. खायला काही आणायचे असल्यास मुरमुरे चालतील. शेवभाजीचा डबा आणल्यास त्याचे स्वागतच होईल, मात्र तो मध्यंतरापर्यंत बंद ठेवावा. आमच्या थाळनेरच्या नकाशावर तापीच्या उत्तरेला लाल तर्रीचे एक मोठे सरोवर कायमचे पडलेले आहे.